परतीचं तिकीट

पुढे जायचं असेल तर आधी मागे जावं लागतं, हा सिद्धान्त पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण डोंबिवलीत राहून ज्यानं मुंबईत पस्तीस वर्षं नोकरी केली, त्याला तो तोंडपाठ असतो. सकाळी डोंबिवलीला मुंबईची गाडी येते तेव्हा तिच्यात बसायला जागा नसते. उभं राहायलाही नसते. असते ती लोंबकळायला, आणि तीसुद्धा ओळखीपाळखीनं. म्हणून शहाणा डोंबिवलीकर काय करतो? अर्धा तास आधी घर सोडतो, उलट्या दिशेच्या गाडीत बसून कल्याणला जातो, तिथे मुंबईच्या गाडीत खिडकी पकडतो आणि जिथून निघाला त्याच डोंबिवलीच्या फलाटासमोर पुन्हा हजर होतो. फरक एवढाच, की आता तो आत असतो आणि बाहेर धक्के खाणाऱ्या आपल्याच शेजाऱ्यांकडे, 'काय ही गर्दी!' अशा तटस्थ मुद्रेनं बघत असतो. पास अर्थात कल्याणपासूनचा काढावा लागतो. मागे जाण्याचे पैसे जास्त पडतात.

हे सगळं मी परवा माझ्या नातीला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती ठाण्याच्या एका कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करते आहे. ती म्हणाली, "आजोबा, हे जागेत मागे जाणं झालं. काळात मागे जाता येतं का, ते बोला."

"येत असेल तर तूच सांग. फी तुझी भरतोय."

"समीकरणं नाही म्हणत नाहीत," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली. हल्लीची मुलं अशी काहीतरी ठिणगी टाकून आंघोळीला जातात आणि इकडे म्हातारी माणसं दिवसभर धुमसत राहतात.

समीकरणं नाही म्हणत नाहीत! म्हणजे काय? तर न्यूटनची घ्या, मॅक्सवेलची घ्या, काळाची दिशा उलटी केली तरी ती कुरकुर करत नाहीत. त्यांना भूत आणि भविष्य सारखंच. मला प्रथम हे चमत्कारिक वाटलं, पण मग लक्षात आलं की आपली मराठी तरी काय वेगळं करते? 'परवा' म्हणजे होऊन गेलेला दिवस, की यायचा? दोन्ही! 'परवा भेटलो होतो' आणि 'परवा भेटू' ह्यांत परवा तोच. 'तेरवा'चंही तसंच. काल आणि उद्या एवढे दोन दिवस आपण निराळे ठेवलेत; त्यापलीकडे मराठी माणसाला मागचं-पुढचं सगळं एकच. क्रियापद ऐकल्याशिवाय दिशा कळत नाही. विश्वाचंही तेच दुखणं दिसतं. समीकरणं आहेत, क्रियापद कुणी लावलं ते कळत नाही.

हे क्रियापद शोधायला निघालेल्यांत आपला एक मराठी माणूस होता. जयंत नारळीकर. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी केंब्रिजमध्ये जे काम केलं, त्यात हाही प्रश्न होता. मॅक्सवेलच्या समीकरणांतून प्रकाशलहर भविष्याकडे जाते तशी भूतकाळाकडेही जाऊ शकते. मग प्रत्यक्षात आपल्याला पुढे जाणारीच का दिसते? व्हीलर आणि फाइनमन यांनी ह्याचं उत्तर भोवतालच्या साऱ्या पदार्थात शोधलं होतं. हॉईल-नारळीकरांनी ते आणखी ताणून विश्वाच्या प्रसरणाशी नेऊन भिडवलं. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातला दिवा लावल्यानंतरच उजेड पडतो, आधी नाही, ह्याला सारं विश्व प्रसरण पावावं लागतं. ह्याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' ह्या नावानं. जयंत विष्णू नारळीकर ह्या नावाची आद्याक्षरं उलटी केली की झाला ना. वि. ज.! बक्षीसही मिळालं. काळ उलटा करता आला नाही तरी निदान नाव उलटं करून पाहण्याची ही वृत्ती मला फार आवडते. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आमच्या घरी नातीनं आणि मी, दोघांनीही एकाच वेळी पेपर ओढला होता.

आता, काळात पुढे जाता येतं. त्याबद्दल वादच नाही. भागवतातला ककुद्मी राजा मुलगी रेवतीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकात गेला, तिथे गाणं चालू होतं म्हणून थोडा थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटून गेली. मनात योजलेली सगळी स्थळं अर्थातच हातची गेली. पाश्चात्त्यांनी १९७१ साली हाच प्रयोग जरा बेतानं केला. ऑक्टोबर महिन्यात हाफेल आणि कीटिंग ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी सीझियमची आण्विक घड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं ५९ अब्जांश सेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. मागे पडली ह्याचा अर्थ ती भूतकाळात गेली असा नव्हे. त्यांच्यापुरता वेळ कमी झाला, इतकंच.

हे वाचल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. गाडीचा वेग सरासरी ताशी ५० किलोमीटर, रोज अडीच तास, वर्षाचे ३०० दिवस, वर्षं ३५. नातीनं सूत्र दिलं, गुणाकार मी केला. उत्तर आलं : सेकंदाचा एक कोटीवा भाग. म्हणजे पस्तीस वर्षं घामात भिजून, पायावर पाय देऊन आणि घेऊन, मी एक कोट्यांश सेकंद वाचवला. घरी बसलेल्या बायकोपेक्षा मी तेवढा तरुण आहे. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "दिसत नाही."

पण खरी गंमत पुढे आहे. उंचावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा किंचित जलद चालतं, असं आईन्स्टाईनचंच म्हणणं. आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. जमिनीपासून नऊ मीटर धरा. पस्तीस वर्षांत आम्ही तळमजल्यावाल्यांपेक्षा सेकंदाचा दहा लाखावा भाग जास्त म्हातारे झालो. म्हणजे गाडीत जे कमावलं त्याच्या दसपट जिन्यावर घालवलं. मध्यमवर्गीय माणसाचा हिशेब विश्वाच्या पातळीवरही तुटीचाच निघतो.

मागे जाण्याची मात्र गोष्ट निराळी. तरी मुंबईच्या लोकांना एके काळी ती सोय होती, हे किती जणांना ठाऊक आहे? १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच वेळ लागू झाली, स्टँडर्ड टाईम. मुंबईची जुनी वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. रेल्वेची घड्याळं स्टँडर्डप्रमाणे चालू लागली, पण मुंबईची नगरपालिका हट्टाला पेटली आणि तिनं आपल्या ताब्यातली घड्याळं मुंबई टाईमवरच ठेवली. ती थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तरुणपणी ठाण्याहून मुंबईला नोकरीला जात. ते सांगत, की कुणी वेळ दिली तर आधी विचारावं लागे : मुंबई टाईम, की स्टँडर्ड? बघा हं. भायखळ्याला रेल्वेच्या घड्याळात दहाला गाडी धरली, दहा मिनिटांत बोरीबंदरला उतरलं आणि शहरात शिरून नगरपालिकेच्या घड्याळाकडे पाहिलं, की नऊ वाजून एकतीस! निघण्याच्या एकोणतीस मिनिटं आधी माणूस पोचलेला. एच. जी. वेल्सला जे यंत्र कादंबरीत बांधावं लागलं ते इथे महिन्याच्या पासात मिळत होतं.

आणि दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली होती. युद्ध संपल्यावर १९४५ साली तो तास परत मिळाला. एका रात्री घड्याळात तोच तास दोनदा झाला. चाळीस कोटी लोकांना एकेक तास पुन्हा! मी एकदा अण्णांना विचारलं होतं, "तुम्ही त्या परत मिळालेल्या तासाचं काय केलंत?"

अण्णा विचार करून म्हणाले, "झोपलो होतो."

घड्याळ मागे नेणं म्हणजे काळ मागे नेणं नव्हे, हे अर्थात मलाही समजतं. आणि भूतकाळ बघणं म्हणजे तिथे जाणं नव्हे, हेही. बघायला तर रोज मिळतो. सूर्य दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा. अंधाऱ्या रात्री बदलापूरच्या पलीकडे गेलं तर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसते. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. पण त्या उजेडाला आपण 'जरा थांब' म्हणू शकत नाही. भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखंच ते. फोटोतला माणूस आपल्याकडे बघतो आणि आपलं काही ऐकत नाही.

मग जायचं कसं? नात म्हणाली, दोन-तीन मार्ग कागदावर आहेत. १९४९ साली कुर्ट गोडेल ह्या तर्कशास्त्रज्ञानं आईन्स्टाईनच्याच समीकरणांतून असं एक विश्व काढून दाखवलं, की जे स्वतःभोवती फिरतं आणि ज्यात पुरेसं लांब पुढे जात राहिलं की माणूस आपल्याच भूतकाळात पोचतो. आईन्स्टाईनच्या सत्तराव्या वाढदिवसाची ही भेट. (आमच्याकडे सत्तरीला शाल देतात.) पण आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. दुसरा मार्ग १९८८ सालचा, किप थॉर्न आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा : अवकाशातला बोगदा.

बोगदा म्हटल्यावर मी सरसावून बसलो. बोगद्यातलं मला कुणी शिकवू नये. आमच्या नोकरीच्या काळात स्लो गाडी डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाई आणि फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून आरपार निघे. १९१६ सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त लांब. आत शिरताना कळव्याची हवा, बाहेर पडताना दिव्याची. थॉर्नचा बोगदा तसाच, पण अवकाशाच्या डोंगरातून काढलेला. त्याचं एक तोंड घरी ठेवायचं, दुसरं प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं हिंडवून परत आणायचं. हिंडून आलेल्या तोंडाचं घड्याळ मागे पडतं, पण बोगद्याच्या आतून मात्र दोन्ही तोंडांची घड्याळं जुळलेलीच राहतात. मग हिंडलेल्या तोंडातून आत शिरलं, की घरच्या तोंडातून माणूस काही वर्षं आधी बाहेर पडतो.

"मग काढत का नाहीत?"

"तो कोसळू नये म्हणून आत ऋण ऊर्जा लागते, आजोबा. आणि ती लागेल तेवढी कुणाजवळ नाही."

मी तिला म्हटलं, की माझ्या ऑफिसात ती भरपूर होती, दुपारी जेवणानंतर तर फारच. पण ती शास्त्रीय अर्थानं बोलत होती.

स्टीफन हॉकिंगला हे सगळं मुळीच पटत नसे. निसर्ग असं यंत्र चालूच होऊ देणार नाही, असा अंदाज त्यानं १९९२ साली मांडला. आणि २८ जून २००९ रोजी केंब्रिजला त्यानं काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली. निमंत्रणं मात्र मेजवानी उरकल्यावर जाहीर केली. भविष्यातून कुणी येऊ शकत असेल तर येईल. कुणी आलं नाही. ह्यावर हॉकिंग खूश. माझं म्हणणं असं, की हा प्रयोग डोंबिवलीत करायला हवा होता. आमच्याकडे लग्नाला निमंत्रण न मिळालेलेही जेवून जातात.

नातीनं त्यावर जे सांगितलं त्यानं मात्र माझी थट्टा थांबली. ती म्हणाली, "लोक आले नाहीत ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ह्या बोगद्यातून मागे जाता येतं ते फक्त बोगदा तयार होईपर्यंत. त्याच्या आधी नाही."

मला ते लगेच कळलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. त्याच्या आदल्या दिवशी कितीही पैसे मोजले असते तरी कुणाला ठाण्याला गाडीनं येता आलं नसतं. गाडीच सुरू झाली नव्हती. म्हणजे उद्या कुणी असा बोगदा खणला, तरी तो उद्यापर्यंतच मागे नेणार. जुलै १९८३ पर्यंत नाही.

आता इतकं बोललोच आहे तर जुलै १९८३ चंही सांगून टाकतो.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे ८.२२ साठी निघालो होतो. चपला घातल्या, डबा घेतला, दोन पायऱ्या उतरलोही, आणि मागून अण्णांनी हाक मारली, "अरे, जरा थांब." मी मागे वळून न बघता म्हटलं, "संध्याकाळी बोलू अण्णा, गाडी चुकेल." आणि पळत सुटलो. संध्याकाळी आलो तेव्हा अण्णांची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. त्यानंतर ते अकरा महिने होते. मी कितीदा तरी त्यांच्याजवळ बसून विचारलं, "त्या दिवशी काय सांगायचं होतं?" ते माझ्याकडे बघत. एकदा डाव्या हातानं त्यांनी हवेत काहीतरी गोल काढलं. आई म्हणाली, भाकरी मागतायत. आमची ही म्हणाली, छत्री; कारण त्या दिवशी मी छत्री विसरलो होतो आणि येताना नखशिखान्त भिजलो होतो. दोघींचं तेव्हापासून एकमत नाही.

८.२२ नंतर ८.२९ होती. सात मिनिटांनी. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मला काळाच्या पाठीमागे जायचं आहे ते एवढ्यासाठीच. पानिपत जिंकायचं नाही, शेअर घ्यायचे नाहीत. दोन मिनिटं जिन्यात उभं राहायचं आहे.

तर आता शास्त्रज्ञांकडून हिशेब मागू. समजा, मला जाता आलं. तर पहिलं मत असं, की भूतकाळात जाता येईल पण जे घडलं त्याच्याशी विसंगत असं काहीच करता येणार नाही. आजोबाला मारायला गेलेल्या नातवाचा नेम चुकणारच. (हे उदाहरण सगळे शास्त्रज्ञ देतात. आजोबानं त्यांचं काय घोडं मारलंय कळत नाही. मी नातीला स्पष्ट विचारून घेतलं.) म्हणजे मी जाणार, जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहणार, आणि तो तीस वर्षांचा गाढव माझ्यासमोरून पळत जाताना नुसता बघणार. ही शिक्षा मी तिकीट न काढताही रोज भोगतो आहे.

दुसरं मत असं, की मागे जाऊन बदल केला तर विश्वाला नवी फांदी फुटते. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या गोष्टीतले पंत असेच भलत्या विश्वात जाऊन पडतात. तिथे विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात. पण परत आल्यावर आपलं पानिपत हरलेलंच असतं. तसं मी थांबलो तर कुठल्या तरी दुसऱ्या अण्णांचं समाधान होईल. होवो बापडं. पण माझे अण्णा अजून हाक मारतायत, त्यांचं काय?

तिसरं मत कुठल्याच शास्त्रज्ञाचं नाही, माझं आहे. समजा, खरोखरच तो दिवस पुसून पुन्हा लिहिता आला. लिहावा का?

त्या दिवशी ८.२२ मध्ये मी दाराशी होतो. पारसिकच्या बोगद्याच्या तोंडाशी गाडीनं हिसका दिला आणि माझ्या पुढ्यातल्या एका कॉलेजातल्या पोराचा दांड्यावरचा हात सुटला. मी त्याची कॉलर धरली. तिची शिवण उसवली, पण पोरगा आत आला. पांढराफटक पडला होता. ठाण्याला उतरताना म्हणाला, "थँक्यू, काका." मी तीस वर्षांचा, मला 'काका'चाच राग आला. नाव विचारायचं राहून गेलं.

मी थांबलो असतो तर ८.२९ नं गेलो असतो. मग ती कॉलर कुणी धरली असती? कदाचित दुसऱ्या कुणी धरली असती. कदाचित नसती. आज तो पोरगा साठीचा असेल, त्यालाही नात असेल. मी मागे जाऊन अण्णांशी दोन मिनिटं बोलायचं, आणि त्याची किंमत त्यानं द्यायची? कल्याणला जाऊन मी खिडकी पटकावतो तेव्हा डोंबिवलीला कुणीतरी उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार. तिथे निदान तो उभा तरी राहत होता.

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मी ह्या पोराच्या आड लपलो. 'थांबलो नाही तेच बरं झालं, नाहीतर एक जीव गेला असता,' असं मनाला बजावत राहिलो. फार सोयीचं होतं ते. पण एके दिवशी, बहुधा रिटायर झाल्यावर, कारण नोकरीत असा विचार करायला वेळ नसतो, माझ्या लक्षात आलं की मी काही त्या पोरासाठी पळालो नव्हतो. मला तो ठाऊकच नव्हता. मी पळालो मस्टरवरच्या सहीसाठी. पोरगा वाचला ही त्याची पुण्याई. ती माझ्या खात्यावर जमा करता येत नाही. आणि अण्णांच्या हाकेचं देणं त्यातून वळतं करता येत नाही. दोन्ही नोंदी निरनिराळ्या वहीतल्या आहेत आणि दोन्ही पक्क्या शाईतल्या आहेत. काळ मागे फिरला असता तर मी पहिल्याच दिवशी जाऊन खोडरबर फिरवला असता, आणि मी कसा माणूस आहे हे मला कधी कळलंच नसतं. चूक दुरुस्त झाली असती, आणि चूक करणारा मात्र दुरुस्त झाल्यावाचून ८.२२ पकडत राहिला असता.

आपल्या पूर्वजांनी ह्या बाबतीत एक मोठी युक्ती करून ठेवली आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणं त्यांनी सांगितली. त्यातलं पितृऋण फेडायचं कसं? बापाला परत देऊन नव्हे. ते फेडायचं संततीत, पुढच्या पिढीत. जिथून घेतलं तिथे परत करता येत नाही, कारण रूळ एकाच दिशेचे, हे त्यांना समीकरणांवाचून कळलं होतं. तेव्हा माझं उत्तर असं : काळात मागे जाता येतं की नाही, ते शास्त्रज्ञ ठरवोत. अजून नक्की 'नाही' असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि 'हो' म्हणायला लागणारी सामग्री कुणाजवळ नाही. पण उद्या खिडकी उघडली आणि कुणी १९८३ चं तिकीट देऊ लागला, तरी मी ते...

हे वाक्य मी गेल्या मंगळवारी लिहीत होतो. 'घेणार नाही' असं बाणेदारपणे लिहायचं मनात होतं. एवढ्यात नात कॉलेजला निघाली. पाठीवर सॅक, कानात काहीतरी खुपसलेलं, चपला घालतच दार उघडून दोन पायऱ्या उतरलीदेखील. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "अगं, जरा थांब."

ती थांबली. कानातलं काढलं, मोबाईलकडे बघून म्हणाली, "बोला आजोबा. गाडी सहा मिनिटं मागे आहे."

मी उभा. ती उभी. आणि मला काही केल्या आठवेना, की मला काय सांगायचं होतं. काहीतरी होतं एवढं नक्की. की नव्हतंच काही? नुसती हाक मारावीशी वाटली होती? अण्णांचंही तसंच असेल का? ती जिन्यात वाट बघत होती, आणि काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हटलं, "छत्री घेतलीस का?"

"आजोबा," ती म्हणाली, "डिसेंबर आहे."